सिंफनीच्या पंगतीला

अण्णांनी मला सुपारी दिली तेव्हा मी राजारामपुरीतल्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासत बसलो होतो. घाबरू नका. बँडवाल्यांच्यात कार्यक्रम ठरला की सुपारीच देतात. आमचे वडील जन्मभर लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवत आले, मीही वाजवतो, त्यामुळे सुपारी आमच्या घराला नवी नव्हती. पण ती लग्नाची, वरातीची, फार तर गणपतीची असायची. अण्णांनी नारळ, विडा आणि वर एक गुळाची ढेप माझ्या टेबलावर रक्ताच्या नळ्यांशेजारी ठेवली आणि म्हणाले, "सिंफनीला जोड पायजे. नवी, आपली. आठ म्हैनं घे, पर चांगली कर."

रिपोर्ट न्यायला आलेल्या एका आजींना वाटलं, मलाच काहीतरी मोठं दुखणं निघालंय आणि माणसं नारळ घेऊन भेटायला यायला लागलीत. त्यांनी जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

अण्णांचं मोटरपंपाचं आणि पाईपांचं दुकान आमच्या लॅबच्या बरोबर खाली. घराणं जैन, शेती नृसिंहवाडीकडं नदीकाठाला. वय सत्तरीच्या आसपास, पांढरा पायजमा, पांढरा शर्ट आणि खिशात मोजायची टेप. जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना इंचात कळायची. माझ्या क्लॅरिनेटला ते 'पाऊण इंची' म्हणायचे आणि ट्रॉम्बोनला 'दीड इंची, सरकता'. नवा पाईप आला की टोकाला तोंड लावून फुंकून बघायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, "ह्यो खर्जात बोलतोय. न्या बिनधास्त, ऊस झकास येतोय." पंप घ्यायला आलेल्या शेतकऱ्याला आधी स्टुलावर बसवून सिंफनीचा दुसरा भाग ऐकवायचे. दुसरा भाग म्हणजे सगळ्यात संथ. "ऐका पावणं, घाई करू नका. मोटर कुठं पळून जात न्हाई." एकदा एक कागलकडचा गडी मला जिन्यात भेटला. घाम पुसत म्हणाला, "पंधरा मिनिटं ऐकलं बघा. शेवटी मीच म्हटलं, दर कमी करू नका, पर ते बंद करा."

हे खूळ त्यांच्या डोक्यात भरलं जर्मनीत. पंपाच्या कंपनीनं डीलर लोकांना फिरायला नेलं होतं. संध्याकाळ झाली की बाकीचे डीलर जिथं जायचे तिथं जायचे. अण्णा दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, बाकीच्या गोष्टींचं तर नावच नको, आणि बाहेर थंडी मरणाची. मग उबेला म्हणून ते दुभाष्याला घेऊन एका सभागृहात शिरले. तिथं आधी एक नवीच रचना वाजली आणि मग एक जुनी, नावाजलेली सिंफनी. अण्णांनी विचारलं, ह्या दोघींचा संबंध काय? दुभाष्या म्हणाला, इथली मंडळी जुन्या सिंफनीला जोड म्हणून नव्या माणसाकडून मुद्दाम नवी रचना लिहून घेतात, आणि दोन्ही एकाच बैठकीला वाजवतात.

अण्णांनी तिथंच मांडीवर थाप मारली. "बरोबर हाय की! पावण्याला एकटं जेवाय बसवत न्हाईत!"

दुभाष्याला काय कळलं देव जाणे. पण आपल्याकडं पावणा जेवायला बसला की घरचं एक माणूस त्याच्या शेजारी ताट घेऊन बसतंच. भूक असो नसो. त्याला एकट्याला वाढायचं आणि आपण भोवती उभं राहून बघायचं, हे वाईट दिसतं. अण्णांच्या हिशेबी सिंफनी म्हणजे लांबनं आलेला पावणा. "म्हातारं एवढं समुद्र वलांडून आलंय," ते म्हणायचे, "आणि आपण सगळ्यांनी हाताची घडी घालून त्येच्या तोंडाकडं बघत बसायचं व्हय?" म्हणून कोल्हापुरात सिंफनी वाजणार असेल तर तिच्या शेजारी कोल्हापूरचं काहीतरी बसलंच पाहिजे. आता मुळात कोल्हापुरात सिंफनी वाजवा म्हणून कुणी अण्णांच्या पाया पडलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

त्यांनी वाद्यवृंद उभा केला. तिकडं सिंफनीला ऐंशी माणसं लागतात, आमच्याकडं अठरा. "बाकीची बासष्ट वाटंत हायत असं समजून वाजवा," अण्णा म्हणायचे. लग्नाच्या बँडातले आम्ही सातआठ जण, चर्चमध्ये व्हायोलिन वाजवणाऱ्या दोघी बहिणी, आणि हातात काठी घेऊन समोर उभे राहायला पोलीस बँडातून रिटायर झालेले मास्तर. अण्णांना स्वतःला एकही वाद्य येत नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःकडं झांज घेतली. पितळेच्या दोन मोठ्या थाळ्या. बायकोलाही हात लावू द्यायचे नाहीत.

तालीम दुकानाच्या माळ्यावर, पाईपांच्या ढिगात, दर रविवारी सकाळी. आता रविवार म्हणजे कोल्हापुरात मटणाचा दिवस. बारा वाजले की आमच्या ट्रॉम्बोनवाल्याचा फोन वाजायचा आणि पलीकडून बायको ओरडायची ते पहिल्या रांगेला ऐकू यायचं, "रस्सा आटला सगळा!" अण्णांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे अक्का म्हणायचो, त्या सगळ्यांना जेवायला घालायच्या. पण कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. ट्रॉम्बोनवाला एकदा काकुळतीला येऊन म्हणाला, "अण्णा, ह्या आमटीवर सूर लागत न्हाई हो."

"सूर पोटात नसतोय, फुप्फुसात असतोय," अण्णा म्हणाले. "सा इंच वर बघ."

माझ्या आधी दोघांना सुपारी देऊन झाली होती. पहिले एक भजनी मंडळाचे पेटीवाले. त्यांनी लिहिलेली जोड सिंफनीपेक्षा लांब झाली. अण्णा तालमीत उठून उभे राहिले, "अवं, पावणा हात धुऊन गावाला पोचला, तुमचं अजून भात मागणं चाललंय!" दुसरे एक शाळेतले पीटीचे सर, बिगुल उत्तम वाजवायचे. त्यांनी सगळी जोड कवायतीच्या ठेक्यात लिहिली. अण्णा म्हणाले, "पावण्याला जेवतानं सावधान-विश्राम करायला लावलासा." तरी दोन्ही जोड त्यांनी वाजवल्या, लोकांसमोर, अभिमानानं. घरचं माणूस वेडंवाकडं जेवतं म्हणून त्याला पंगतीतनं उठवत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

मला मात्र त्यांनी आधीच बजावलं. पावण्यापेक्षा जास्त वाढून घ्यायचं नाही. पावण्याच्या आधी उठायचं नाही. आणि आपण केवळ रीत म्हणून बसलोय हे त्याला जन्मात कळता कामा नये. संगीतातलं शिक्षण म्हणून मला एवढंच मिळालं. बाकी सगळं वडिलांकडून आलेलं. त्यांच्या उस्तादांनी संस्थानच्या काळातल्या बँडात इंग्रजी पद्धतीनं सूर लिहायला शिकून घेतलेलं, ते वडिलांकडं आणि वडिलांकडून माझ्याकडं आलं.

मी लिहायला बसलो. सकाळी लॅबला जायच्या आधी दीड तास. आणि खरं सांगतो, मला चढली. आयुष्यभर दुसऱ्याच्या वरातीत दुसऱ्याची गाणी वाजवली, आता पहिल्यांदा माझं स्वतःचं काहीतरी लोक खुर्चीवर बसून ऐकणार होते. वडीलही ऐकणार होते. वडील वर्षानुवर्षं घोड्याच्या मागं चालत वाजवत आले, त्यांचं वाजवणं कुणी बसून ऐकलेलं मला आठवत नाही. त्यामुळे मी सुरुवातीलाच क्लॅरिनेटला अशा काही गिरक्या घातल्या की ज्याचं नाव ते.

अण्णांनी मला दुकानात गिऱ्हाइकांसमोर उभं करून ते वाजवायला लावलं. ऐकलं. टेप काढली, माझ्या कागदावर धरली आणि मधला एक वीतभर भाग दाखवून म्हणाले, "हे सात इंच काढ."

"का?"

"हितं तू मिशीला पीळ दिलायस."

मला मिशी नव्हती, पण झोंबलं. "अण्णा, हेच तर सगळ्यात भारी आहे!"

"भारी हाय म्हणूनच की. पावण्याशेजारी बसून आपल्या घरची भांडी मोजून दाखवत्यात व्हय?"

पंधरा दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. जिन्यात दिसले की मोबाईल काढायचो. मग एका सकाळी ते सात इंच काढले, आणि उरलेलं वाजवून बघितलं, आणि अण्णांना मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या. कारण ते आता बरं झालं होतं. सुरुवातीला क्लॅरिनेट एकटीच, अगदी खालच्या सुरात, चार मापं, म्हणजे ठेका चार वेळा फिरेपर्यंत. मग हळूहळू एकेक जण येऊन मिळतो. कुठंच आवाज चढत नाही. आणि अगदी शेवटी अण्णांसाठी एकच काम ठेवलं होतं, दोन्ही झांजा एकमेकींना नुसत्या टेकवायच्या, वाजवायच्या नाहीत. मी लिहिलेली ती एकच चांगली गोष्ट आहे. आजही मी हे छातीला हात लावून सांगतो.

कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये, दुपारी साडेतीनला, कारण दिवस मावळायच्या आत अण्णांना जेवायचं असायचं. त्या खेपेला अण्णांनी पुण्याहून एक मुलगी बोलावली होती, ओबो वाजवायला. ओबो म्हणजे सनईची परदेशातली मावशी. मुलगी विशीबाविशीची, गुणी, एकटीच एसटीनं आली होती. सिंफनीचा दुसरा भाग जवळजवळ तिच्याच जिवावर. आणि अण्णांची मांडणी अशी, की पहिले दोन भाग झाले की मध्येच आमची जोड, मग उरलेले दोन. शेजारी बसायचं म्हणजे पावणा जेवत असतानाच बसायचं ना.

वडील तिसऱ्या रांगेत. इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत. आदल्या दिवशी मी विचारलं होतं, येणार का? म्हणाले होते, बघू. दुपारी अडीचलाच येऊन बसले होते.

दुसरा भाग सुरू झाला आणि मध्यावर त्या मुलीच्या ओबोची रीड, म्हणजे तोंडात धरून फुंकायची पात, चिरली. असा एक आवाज निघाला की मास्तरांची काठी हवेत राहिली. पोराबाळांच्या हातातली पिपाणी बसखाली यावी, तसा. मुलीनं परत फुंकलं, परत तेच. आता आमचं कोल्हापूर. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!" शिट्टी आली. अख्खा हॉल हसायला लागला. मास्तरांनी कसाबसा तो भाग बाकीच्यांकडून ओढत शेवटाला नेला. मुलीची मान खाली. गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला हात वर करायचीही तिला लाज वाटत होती.

आणि पुढचा नंबर माझा.

मी उभा राहिलो. हॉल अजून खिदळत होता. मी खालच्या सुरात सुरुवात केली. एक माप, दोन मापं. हळूहळू आवाज विरले. तिसऱ्या मापाला हॉल गप्प. देवाशपथ सांगतो, कोल्हापूर गप्प बसलं होतं. चौथ्या मापाला मी वडिलांकडं बघितलं, ते पुढं सरकून बसले होते.

पाचव्या मापाला अण्णांनी झांज घातली. धडाम्!

नुसती घातली नाही. एक थाळी त्यांच्या हातून सुटली, स्टेजवर उभीच घरंगळत गेली, पायऱ्यांवरून टण टण टण खाली उतरली आणि पहिल्या रांगेच्या खुर्च्यांखाली जाऊन गोल फिरत बसली. आणि अण्णा, सत्तरीचा माणूस, स्टेजवरून उतरून गुडघ्यावर बसले आणि बायकांच्या साड्या सांभाळा, सांभाळा म्हणत खुर्च्यांखाली रांगायला लागले. हॉल फुटला. माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती. "अण्णा, डाव्या हाताला हाय!" "अण्णा, नाद खुळा!" आम्ही वर वाजवत होतो, पण ते आमचं आम्हालाही ऐकू येत नव्हतं. झांज सापडून अण्णा टाळ्यांच्या कडकडाटात वर आले तेव्हा माझी जोड संपली होती. आठ महिने. सहा मिनिटांत कचरा.

मधल्या वेळात त्या मुलीनं रीड बदलली होती. पुढच्या दोन भागांत तिनं असं वाजवलं की लोक उभे राहिले. तिला शाल, नारळ, फोटो.

आत गेल्यावर मी अण्णांना सोडलं नाही. सगळ्यांच्या देखत. "धड एक काम दिलं होतं तुम्हाला! तेही शेवटी! पंप विका तुम्ही, पंप! झांजंला हात लावू नका परत!" असं बरंच. त्यातलं काही मला आज लिहायलाही लाज वाटते. अण्णा पायजम्याच्या गुडघ्यावरची धूळ झटकत उभे होते. एवढंच म्हणाले, "चुकलं, लेका. हात घसरला." वडिलांनी माझं कोपर धरून मला बाहेर काढलं.

रिक्षात वडील म्हणाले, "चार मापं तर ऐकली की मी. बरी हायत."

तेव्हापासून सव्वा वर्ष मी माळ्यावर पाय ठेवला नाही. आणि घरी वडिलांचा वेगळाच छळ. रोज सकाळी दाढी करताना ती चार मापं गुणगुणायचे आणि पाचव्याला थांबायचे. पुढचं त्यांना माहीतच नव्हतं. मी म्हटलं, वाजवून दाखवतो. तर म्हणाले, "एकट्यानं वाजवायचं न्हवं ते. सगळ्यांचं लिहिलंयस." आणि परत चार मापं. प्रत्येक सकाळी मला अण्णांचा नव्यानं राग यायचा.

मग एक दिवस अक्कांचा फोन आला. नातीला बघायला कागलचे पावणे येणार होते. "ह्यांच्या शेजारी बसायला घरात पुरुष माणूस न्हाई. लेक पुण्याला अडकलाय. तू पाच वाजता ये. चांगला शर्ट घालून ये." अक्का विचारत नाहीत, सांगतात. गेलो.

अजून ऊन होतं. टेबलावर पंगत होत नाही असं अण्णांचं मत, त्यामुळे खाली पाट. एका बाजूला मुलाचे वडील, धिप्पाड माणूस, पांढरीशुभ्र पँट, घाबरलेला; लग्नाच्या बैठकीत मुलाचाच बाप घाबरलेला मी पहिल्यांदा बघितला. त्यांच्या शेजारी अण्णा, अण्णांशेजारी मी. आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नव्हतो. अण्णा पावण्यांना ठिबक सिंचन समजावून सांगत होते. पावणे मान डोलवायला गेले आणि कोपर लागून कटाच्या आमटीची वाटी आडवी. आमटी पँटवर, पाटावर, थेट जमिनीवर.  नातीनं तोंडावर पदर घेतला. पावण्यांच्या कपाळावर घाम.

अण्णांनी बोलणं थांबवलं नाही. ठिबकच्या नळीला किती अंतरावर भोक पाडायचं हे सांगता सांगता, पावण्यांकडं न बघता, त्यांनी डाव्या हाताची पाठ आपल्या वाटीला लावली आणि ती सरळ आपल्या मांडीवर उलटी केली. गरम आमटी. डोळ्याची पापणी हलली नाही. मग म्हणाले, "अक्के, ह्या वाट्या बदल बघू. तळ सरळ न्हाई ह्यांचा."

"व्हय व्हय," पावणे एकदम मोकळे होत म्हणाले, "माझीबी त्यामुळंच गेली!"

सगळे हसले. वाट्या बदलल्या. ठिबक पुढं सुरू झालं. माझा घास मात्र तोंडातच राहिला. मी अण्णांच्या हाताकडं बघत होतो. हा हात घसरणारा नव्हताच. ह्या माणसानं जन्मभर पाईप तोलले होते.

पावणे अक्कांशी बोलायला लागले तसा मी हळूच म्हणालो, "अण्णा. ती झांज."

"कसली?"

"मुद्दाम टाकलीत ना?"

अण्णांनी भात कालवला. "पोर रडत होती, रं. परक्या गावात, एकटी. हॉल गप्प झाला, तरी घरी जाऊन तिच्यावरच हसला असता. ती तोंडं दुसरीकडं वळवायला नको व्हय?"

"मग सिंफनीच्या वेळी टाकायची! तिसऱ्या भागात, चौथ्या भागात, कुठंही! माझंच कशाला सांडलंत? माझे वडील बसले होते तिथं!"

माझा आवाज चढला असावा, कारण अक्कांनी वळून बघितलं. अण्णांनी पावण्यांच्या ताटाकडं एकदा बघून घेतलं. मग अगदी हळू म्हणाले, "मग काय परक्याचं सांडू? परक्याच्या ताटाला हात लावता येतोय व्हय?"

 राग गेला नव्हता, अजूनही पुरता गेलेला नाही. पण मी तोंडातली पोळी कशीबशी गिळली.

"मग एकदा मलापण परका धरा की," मी म्हणालो.

"आता न्हाई जमत ते," अण्णा म्हणाले, आणि मला न विचारता माझ्या ताटातला अर्धा पापड मोडून घेतला.